वर जाणाऱ्या चेंडूला कोण ढकलतं? यांत्रिकीची उजळणी

एक चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटला आहे आणि अजून वरच चालला आहे. हवेचा विरोध तूर्त विसरा. या घडीला चेंडूवर कोणकोणती बलं आहेत?

भौतिकशास्त्र रीतसर शिकलेले लोकही पुष्कळदा सांगतात: खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि वर नेणारं हाताचं बल. सुरुवातीला हाताचं बल जास्त, माथ्यावर दोघांची बरोबरी, मग गुरुत्वाकर्षण वरचढ होतं आणि चेंडू परत फिरतो. गोष्ट छान जुळते, पण ती साफ चुकीची आहे. हात सुटला तिथेच हाताचं बल संपलं. वर जाताना, माथ्यावर आणि खाली येताना चेंडूवर एकच बल आहे, ते पृथ्वीचं. ते खालच्या दिशेने आहे आणि एवढ्या वेळात त्यात काही फरक पडत नाही.

ही समजूत आजकालची नाही. गती चालू ठेवायची तर कुणीतरी सतत ढकलत राहिलं पाहिजे, असं ॲरिस्टॉटल मानत असे. मग फेकलेल्या दगडाचं काय? त्याला हातातून सुटल्यावर हवाच पुढे रेटते, असा त्याचा खुलासा. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसला हे पटलं नाही. फेकणारा वस्तूतच काहीतरी भरून देतो, असं तो म्हणाला. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदाँने त्या ‘काहीतरी’ला इम्पेटस म्हटलं, आणि ते वस्तूतल्या द्रव्यावर व तिच्या वेगावर अवलंबून असतं, असंही सांगितलं. तेव्हा ‘हाताचं बल चेंडूत राहतं’ म्हणणारा विद्यार्थी ढ नसतो, तो चौदाव्या शतकात असतो. गंमत म्हणजे ब्युरिदाँ सत्यापासून फार लांबही नव्हता. चेंडूबरोबर खरंच काहीतरी जातं. आज आपण त्याला संवेग म्हणतो, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. फक्त ते बल नव्हे.

१९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टनीस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड जवळपास नाहीच, नुसते साध्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न. किचकट न्यूमेरिकल बिनचूक सोडवणारी मुलंही या प्रश्नांवर गडबडतात, हे त्या चाचणीने लख्ख दाखवलं. म्हणून उजळणीला बसल्यावर थेट सूत्रांचं पान उघडावं असं मला वाटत नाही. आधी एक गोष्ट पक्की करावी: बल वेग टिकवत नाही, बल वेग बदलतं. वेग आहे तसा राहू द्यायचा असेल तर बलाची काहीच गरज नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

वेग शून्य, पण त्वरण?

तोच चेंडू २० मी/से वेगाने वर फेकू. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० मी/से² धरू, आणि वरची दिशा धन. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. इथे तो उणे १०, म्हणजे दर सेकंदाला वेगातून १० वजा. एकेका सेकंदाने वेग असा दिसतो: २०, १०, ०, उणे १०, उणे २०. त्याच क्षणांना उंची: ०, १५, २०, १५, ० मीटर.

वेगाचे आकडे एकसारख्या पायरीने उतरतात आणि शून्यापाशी थबकत नाहीत. माथ्यावर वेग शून्य आहे, त्वरण मात्र तिथेही उणे १० आहे. तिथे त्वरणही शून्य झालं असतं, तर चेंडू हवेत लटकून राहिला असता. ‘वेग किती’ आणि ‘वेग कसा बदलतोय’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर कळत नाही.

याच आकड्यांत आणखी एक खोड दडली आहे. ‘त्वरण उणे म्हणजे मंदन’ असं सर्रास पाठ केलेलं असतं. पण तिसऱ्या आणि चौथ्या सेकंदात चेंडू खाली येतोय, त्याची चाल वाढतेय, आणि त्वरण अजूनही उणेच आहे. उणे चिन्ह फक्त दिशा सांगतं, आणि तीही आपण ठरवलेल्या धन दिशेच्या तुलनेत. वेग आणि त्वरण एकाच दिशेला असतील तर चाल वाढते, विरुद्ध दिशेला असतील तर घटते. गणितातल्या चिन्हांच्या निम्म्या चुका कागदाच्या कोपऱ्यात धन दिशेचा बाण न काढल्यामुळे होतात.

चार सेकंदांत चेंडूने ४० मीटर अंतर कापलं, पण त्याचं विस्थापन शून्य, कारण तो निघाला तिथेच आला. सरासरी चाल १० मी/से, सरासरी वेग शून्य. अंतर आणि चाल यांना दिशेशी देणंघेणं नाही. विस्थापन, वेग, त्वरण, बल, संवेग या सदिश राशी आहेत, दिशा काढून टाकली की त्या अर्ध्याच उरतात. वेग–काळ आलेख काढलात तर वीसपासून उणे वीसपर्यंत उतरणारी एक सरळ रेषा मिळेल. तिचा उतार म्हणजे त्वरण, आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. अक्षाच्या वर २० मीटरचा त्रिकोण, खाली २० मीटरचा, बेरीज शून्य. गतीची ती तीन प्रसिद्ध समीकरणं याच चित्रातून निघतात, आणि त्वरण स्थिर असेल तरच ती लागू पडतात. त्वरण बदलत असताना ती वापरणं ही परीक्षेतली सगळ्यात महागडी सवय.

पडणाऱ्या वस्तूचा हा हिशेब प्रथम नीट मांडला गॅलिलिओने. सरळ पडणारी वस्तू त्याच्या काळच्या घड्याळांना फार वेगवान होती, म्हणून त्याने गोळे उतारावरून सोडले आणि भांड्यातून वाहून गेलेल्या पाण्याचं वजन करून वेळ मोजली. विरामातून निघालेली वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतरं कापते, हे त्याने १६३८ च्या ग्रंथात मांडलं. आपल्या आकड्यांनी पडताळून पाहा: पहिल्या सेकंदात ५ मीटर, मग १५, मग २५, मग ३५. यात वस्तुमान कुठेच आलेलं नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. हवा नाही, त्यामुळे दोन्ही एकदमच टेकले.

चेंडू तिरका फेकला तरी नवं काही शिकावं लागत नाही. आडव्या दिशेला बल नाही, म्हणून तो वेग तसाच राहतो. उभ्या दिशेचं सगळं वर लिहिल्याप्रमाणे. दोन्ही दिशांचे हिशेब वेगवेगळ्या ओळींत लिहायचे, दोघांना जोडणारा दुवा एकच, वेळ.

‘कोण?’ हा प्रश्न

न्यूटनचा ग्रंथ १६८७ चा. त्यातला पहिला नियम आपण ‘जडत्वाचा नियम’ म्हणून एका दमात म्हणून टाकतो आणि पुढे जातो. खरं तर तोच पचायला सगळ्यात जड आहे. विराम आणि स्थिर वेग या बलाच्या नजरेतून एकच स्थिती आहेत, असं तो म्हणतो. समान वेगाने सरळ चाललेल्या विमानात खिडक्या बंद करून कोणताही यांत्रिकीचा प्रयोग करा, आपण चाललोय की थांबलोय हे सांगता येणार नाही. दुसरा नियम: निव्वळ बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. यातला ‘निव्वळ’ हा शब्द गाळू नका. एकेक बल त्वरण ठरवत नाही, सगळ्यांची सदिश बेरीज ठरवते.

बेरीज करायची तर आधी यादी हवी, आणि यादीतच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. तिथे एक कसोटी कधी दगा देत नाही. प्रत्येक बलापुढे ‘कोणाचं, कोणावर’ असं लिहायचं. वस्तूला काय काय टेकलंय ते पाहायचं: जमीन, दोरी, हात, हवा, पाणी. टेकलेली प्रत्येक गोष्ट बल लावू शकते. न टेकता बल लावणारी एकच गोष्ट सुरुवातीच्या यांत्रिकीत येते, गुरुत्वाकर्षण. यादी तिथेच संपते. ‘गतीचं बल’, ‘जडत्वाचं बल’, ‘वेगाचा जोर’ यांना ‘कोणाचं?’ विचारलं की उत्तर येत नाही, म्हणून ती खोडायची. फ्री बॉडी डायग्राम म्हणून जे शिकवतात ते याहून वेगळं काही नाही: एकच वस्तू सुटी काढायची आणि फक्त तिच्यावरची बलं बाणांनी दाखवायची. तिने दुसऱ्यांवर लावलेली बलं त्या चित्रात येत नाहीत.

लिफ्टचं उदाहरण सावकाश बघू, कारण त्यात बरंच काही एकत्र सापडतं. ६० किलो वस्तुमानाची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. तिच्यावर दोनच बलं: पृथ्वीचं खाली, ६० × ९.८ म्हणजे ५८८ न्यूटन. आणि काट्याचं वर. हे दुसरं म्हणजे पृष्ठभागाचं लंब बल, ज्याला वर्गात सगळे नॉर्मल म्हणतात. काटा मोजतो तेही हेच. पृथ्वीची ओढ त्याला थेट कळतच नाही.

लिफ्ट थांबलेली आहे. त्वरण शून्य, म्हणून लंब बलही ५८८, काटा ६० दाखवतो. आता लिफ्ट २ मी/से² त्वरणाने वर निघाली. निव्वळ बल वरच्या दिशेला ६० × २, म्हणजे १२० न्यूटन असायला हवं. पृथ्वीची ओढ बदललेली नाही, तेव्हा लंब बल ७०८ झालं पाहिजे. काटा सुमारे ७२ किलो दाखवेल. मग लिफ्टने वेग पकडला आणि ती समान वेगाने वर जाऊ लागली. इथे बरेच जण ‘वर जातेय म्हणजे काटा जास्त दाखवेल’ म्हणतात. नाही. त्वरण शून्य, काटा पुन्हा ६०. वरचा मजला जवळ आला, लिफ्ट अजून वरच जातेय पण वेग घटतोय, म्हणजे त्वरण खाली, २ मी/से². आता लंब बल ४६८ न्यूटन, काटा जेमतेम ४८ किलो. लिफ्ट खाली निघताना असं हलकं वाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. वर जाऊन थांबतानाही अगदी तेच वाटतं, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. काट्याला लिफ्ट कुठल्या दिशेने जाते हे कळत नाही. त्याला फक्त त्वरण कळतं.

लिफ्ट मोकळी पडली तर काटा शून्य दाखवेल. वस्तुमान ६० किलोच आहे, पृथ्वीची ओढ ५८८ न्यूटनच आहे, फक्त आधार गेला. आपल्याला ‘वजन’ म्हणून जाणवतो तो नेहमी आधाराचा दाब असतो.

याच लिफ्टमध्ये तिसऱ्या नियमाचा (प्रत्येक बलाला तेवढंच, उलट दिशेचं बल) नेहमीचा घोळही मिटतो. पृथ्वीची ओढ आणि लंब बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे, असं अनेक वह्यांत लिहिलेलं दिसतं. पण वरच्या हिशेबात एक ५८८ आहे आणि दुसरं ७०८. तिसऱ्या नियमाच्या जोडीतली बलं कधीही, कुठल्याही परिस्थितीत असमान होत नाहीत. तेव्हा ही जोडी नव्हेच. जोडी ओळखायची तर वाक्य उलटं करायचं: पृथ्वी व्यक्तीला खाली ओढते, तर व्यक्ती पृथ्वीला वर ओढते. काटा व्यक्तीला वर ढकलतो, तर व्यक्ती काट्याला खाली दाबते. जोडीतली दोन्ही बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. लंब बल हे वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण एवढंच असतं, हेही इथेच खोटं ठरलं. उतारावर, लिफ्टमध्ये, दोरीने तिरकं ओढताना ते बदलतं. ते पाठ करायचं नसतं, दरवेळी दुसऱ्या नियमातून काढायचं असतं.

घर्षण, जरा सावधपणे

घर्षण गतीला विरोध करतं, हे वाक्य अर्धवट आहे. ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला विरोध करतं. फरक मोठा आहे. चालताना तळवा जमिनीला मागे रेटतो. तो मागे घसरू नये म्हणून जमिनीचं घर्षण पायावर पुढच्या दिशेने लागतं, आणि आपल्याला पुढे नेणारं बाह्य बल तेच. गुळगुळीत बर्फावर पायांत ताकद तेवढीच असते, तरी पुढे सरकता येत नाही. ट्रकच्या हौद्यात नुसतं ठेवलेलं खोकं ट्रकबरोबर वेग घेतं, तेही घर्षणामुळेच, आणि गतीच्या दिशेने.

दुसरी गफलत आकड्यांची. घर्षण गुणांक गुणिले लंब बल हे स्थैतिक घर्षणाचं, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवरून घसरत नसतानाच्या घर्षणाचं, कमाल मूल्य आहे. खोकं हलण्यासाठी २०० न्यूटन लागत असतील आणि तुम्ही ५० ने ढकलत असाल, तर घर्षण ५० असतं, २०० नव्हे. नाहीतर तुम्ही हळूच ढकललेलं खोकं उलट तुमच्याच अंगावर चालून आलं असतं!

वळण आणि कक्षा

वेगात दिशाही येते. मग चाल न बदलता नुसती दिशा बदलली तरी त्वरण आलं, आणि त्वरण आलं की बल आलं. वर्तुळात समान चालीने फिरणाऱ्या वस्तूचं त्वरण केंद्राकडे असतं: चालीचा वर्ग भागिले त्रिज्या. अभिकेंद्री बल हा बलाचा आणखी एक प्रकार नव्हे. दोरीचा ताण, घर्षण, गुरुत्वाकर्षण यांपैकी जे कोणी केंद्राकडे ओढत असेल त्याने ही भूमिका पार पाडायची असते. बलांच्या यादीत ‘अभिकेंद्री’ असा वेगळा बाण काढला की एकच बल दोनदा मोजलं जातं.

५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घ्या. ताशी ५४ किमी, म्हणजे १५ मी/से वेगाने गाडी त्यावरून गेली तर त्वरण ४.५ मी/से² लागतं. ताशी ७२ ला, म्हणजे २० मी/से ला, ते ८ लागतं. घर्षण गुणांक ०.७ असेल तर रस्ता जास्तीत जास्त ६.९ देऊ शकतो. पहिली गाडी वळते, दुसरी घसरते, आणि गाडी जड की हलकी याने उत्तर बदलत नाही. आत बसलेल्याला बाहेर फेकल्यासारखं वाटतं. ‘कोणाचं बल?’ विचारा. कुणाचंच नाही. अंग सरळ जाऊ पाहतं, दार आडवं येतं आणि आत ढकलतं. गाडीच्याच चौकटीतून हिशेब करायचा असेल तर अपकेंद्री बल हे आभासी बल धरता येतं, पण सुरुवातीला जमिनीवर उभं राहून हिशेब करणंच बरं.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून, असं अजूनही ऐकू येतं. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किमी उंचीवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी. एवढ्याने केंद्रापासूनचं अंतर कितीसं वाढणार? तिथलं गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ मी/से² भरतं. आता दुसऱ्या बाजूने मोजा. स्थानकाची चाल सेकंदाला साधारण ७.६७ किमी. तिचा वर्ग भागिले ६७७१ किमी केलं तर पुन्हा ८.७ च येतात. केंद्राकडे वळण्यासाठी जेवढं त्वरण हवं, नेमकं तेवढं गुरुत्वाकर्षण देतंय. स्थानक आणि माणसं दोघंही एकाच त्वरणाने पडत आहेत, आणि आडवा वेग इतका आहे की पडता पडता जमीनच खाली वळत जाते. मघाच्या मोकळ्या पडणाऱ्या लिफ्टमधला काटा इथेही शून्यच दाखवेल.

संवेग की ऊर्जा? पन्नासेक वर्षांचा वाद

ब्युरिदाँचं ते ‘काहीतरी’ नेमकं किती, यावर सतराव्या-अठराव्या शतकात जुंपली होती. देकार्तच्या बाजूचे म्हणत, गतीचं माप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. १६८६ मध्ये लायब्निट्सने उलट बाजू घेतली: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. नेदरलँड्समध्ये ग्रॅव्हेसांडेने पितळी गोळे मऊ मातीवर पाडून पाहिले. वेग दुप्पट झाला तर खड्डा दुप्पट नाही, चौपट खोल जात होता. फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग लायब्निट्सच्या बाजूने मांडला.

आज मागे वळून पाहिलं की दोघंही बरोबर दिसतात, ते वेगळ्या गोष्टी मोजत होते. बल किती वेळ लागलं हे मोजाल तर संवेगातला बदल मिळतो. तेच बल किती अंतरभर लागलं हे मोजाल तर गतिज ऊर्जेतला बदल मिळतो, आणि त्यात वेगाचा वर्ग येतो. त्या बल-गुणिले-विस्थापनाला कार्य म्हणतात, आणि त्यात बलाचा विस्थापनाच्या दिशेतला भागच धरायचा. वर्तुळाकार कक्षेतल्या उपग्रहावर गुरुत्वाकर्षण अखंड बल लावतं आणि कार्य शून्य करतं, कारण ओढ केंद्राकडे आणि हालचाल तिला काटकोनात.

ब्रेकवर हे नीट दिसतं. ब्रेक ५ मी/से² ने वेग कमी करतात असं धरू. ताशी ३६ किमी, म्हणजे १० मी/से वरून थांबायला २ सेकंद लागतात आणि १० मीटर. ताशी ७२ वरून ४ सेकंद आणि ४० मीटर. वेग दुप्पट, वेळ दुप्पट, अंतर चौपट. चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरलं तर अंतर होतं २० आणि ६० मीटर. वेगमर्यादेमागचं गणित जवळपास एवढंच आहे.

गणित सोडवताना याचा सरळ उपयोग होतो. प्रश्नात वेळ दिली असेल किंवा आदळणं-धडकणं असेल, तर संवेग. अंतर, उंची, स्प्रिंग असेल, तर ऊर्जा. मधल्या प्रत्येक क्षणाचं त्वरण किंवा दोरीतला ताण विचारला असेल, तर बलांची यादी करण्यावाचून सुटका नाही.

दोन्ही राशी अक्षय्य, पण अटी वेगळ्या. बाहेरचं निव्वळ बल नसेल तर संवेग टिकतो, मग आत काहीही होवो. यांत्रिक ऊर्जा मात्र टक्करीत सहसा गळते. २ किलोची ट्रॉली ३ मी/से ने येऊन १ किलोच्या थांबलेल्या ट्रॉलीला धडकली आणि चिकटली. आधीचा संवेग ६, नंतर ३ किलो मिळून ६, म्हणजे वेग २ मी/से. आधीची गतिज ऊर्जा (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मी) ९ ज्यूल, नंतरची ६. उरलेले ३ ज्यूल उष्णता, आवाज आणि चेपलेल्या पत्र्यात गेले. ऊर्जेची अक्षय्यता मोडली नाही, पण इथे ‘आधीची गतिज ऊर्जा बरोबर नंतरची’ लिहून सुरुवात केली असती तर उत्तर चुकलं असतं.

बल गुणिले वेळ, म्हणजे आवेग, याचं एकक चुकलं तर काय होतं तेही सांगून ठेवतो. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचं नियंत्रण करताना छोट्या इंजिनांचे आवेग एका प्रणालीतून पाउंड-बल-सेकंदात येत होते, दुसरी प्रणाली ते न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. दोन्हींत साधारण साडेचार पटींचा फरक. २३ सप्टेंबर १९९९ ला यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरलं आणि नाहीसं झालं. उत्तराच्या शेवटी एकक लिहिलं नाही म्हणून कापलेला अर्धा गुण त्यापुढे स्वस्तच.

वस्तू बिंदू नसते तेव्हा

आतापर्यंत चेंडू, गाडी, माणूस यांना आपण बिंदू धरलं. वस्तू गडगडू लागली की ते पुरत नाही. ३० अंशांच्या उतारावर तीन गोष्टी एकदम सोडा: घर्षणाशिवाय घसरणारा ठोकळा, न घसरता गडगडणारा भरीव गोळा आणि तसंच गडगडणारं कडं. ठोकळ्याचं त्वरण ४.९ मी/से², गोळ्याचं ३.५, कड्याचं २.४५. उतरताना गमावलेली स्थितिज ऊर्जा, म्हणजे उंचीमुळे असलेली ऊर्जा, ठोकळ्यात सगळी पुढे सरकण्याकडे जाते. गोळ्यात तिचा २/७ भाग स्वतःभोवती फिरण्यात खर्च होतो. कड्याचं सगळं वस्तुमान कडेला असल्यामुळे तिथे अर्धी ऊर्जा फिरण्यातच जाते. वस्तुमान आणि त्रिज्या पुन्हा गळून पडतात: मोठा भरीव गोळा आणि छोटी गोटी एकदमच पोहोचतात, आणि दोन्ही कुठल्याही कड्याला हरवतात. इथलं घर्षण स्थैतिक आहे, ते वस्तूला फिरवतं पण ऊर्जा खात नाही.

गॅलिलिओच्या उतारावरही गोळे गडगडतच होते. त्याचा १, ३, ५, ७ चा नियम तरीही बरोबर निघाला, कारण गडगडल्याने त्वरण कमी होतं खरं, पण स्थिर राहतं. त्याच मोजमापांवरून, फिरण्याचा हिशेब न धरता, त्याने सरळ पडणाऱ्या वस्तूचं त्वरण काढलं असतं, तर ते ९.८ च्या ऐवजी ७ च्या आसपास आलं असतं.